वाचून दाखवले, मान्य आहे

सर कुत्र्यांना तपासणीचा अहवाल वाचून दाखवायचे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. मीही हसले होते. भंडाऱ्याच्या ऑफिसात रुजू झाले आणि पहिल्याच आठवड्यात मला त्यांच्यासोबत कुत्र्यांच्या एका शेडवर पाठवलं. तिथे आमचे वरिष्ठ पशुवैद्यकीय अधिकारी, केस पिकलेले, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, पिंजऱ्यासमोर उकिडवे बसून एका पॉमेरेनियन कुत्रीला खणखणीत आवाजात सांगत होते, "सदर ठिकाणी पिण्याच्या पाण्याची भांडी अस्वच्छ आढळून आली." कुत्री त्यांच्या चपलेचा वास घेत होती.

मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि तेच साध्या बोलीत सांगितलं. "म्हंजे बाई, तुमच्या पाण्याच्या गंजात शेवाळ धरलं आहे, असं मी लिहिलं. बरोबर आहे का?" थोडा वेळ थांबले. कुत्री काही बोलली नाही. मग मालकाकडे वळून म्हणाले, "त्यायची हरकत नाही. कर आता सही."

आमच्या प्रत्येक अहवालाच्या शेवटी एक ओळ असते, 'वाचून दाखवले, मान्य आहे', आणि तिच्याखाली मालकाची सही. ही ओळ कोणी वाचत नाही. मालक बोट दाखवाल तिथे सही करतो आणि चहा मागवतो. सरांनी मात्र ती ओळ मनावर घेतली होती. मी एकदा चिडून विचारलं, "सर, मालकाला वाचून दाखवायचं असतं ना?" तर म्हणाले, "कायले? अहवाल मालकावर आहे का? ज्याच्यावर आहे त्याले वाचून दाखवा लागते पोरी."

आमच्या भागातले लोक त्यांना पोथीवाले डॉक्टर म्हणत. भंडारा म्हटलं की लोकांना तांदूळ आठवतो, तलाव आठवतात. इथे लॅब्रेडॉरची पिल्लं तयार होतात हे मलाही ठाऊक नव्हतं, आणि मी इथलीच. माझं लहानपण जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये गेलं. आमच्या लाइनीत कोणाकडे तरी बुटाच्या खोक्यातून असं पिल्लू यायचं, गळ्यात लाल फीत बांधलेलं, आणि आम्ही सगळ्या पोरी त्याला हातात घ्यायला रांग लावायचो. त्याला आई असते, ती कुठेतरी बसलेली असते, हे एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. ती आई मला नोकरी लागल्यावर दिसली.

कुत्र्यांची पैदास करून पिल्लं विकायची तर नोंदणी करावी लागते, आणि नोंदणी टिकवायची तर आमच्यासारख्या डॉक्टरांनी जाऊन पाहायचं असतं. पिंजरा केवढा, पाणी कसं, मादीला किती वेळा पिल्लं झाली, तिचं वय काय. कागदावर नियम चांगले आहेत. इतके चांगले की ते वाचून मला नोकरीच्या पहिल्या महिन्यात आनंद वगैरे झाला होता.

सरांची तऱ्हा अशी की जनावरांना अहो-जाहो आणि माणसांना अरे-तुरे. म्हैस असो, शेळी असो, "जरा सरका बाई" म्हणणार. आणि जिल्ह्याहून आलेल्या साहेबाला, "तू बस तिकडे, मधात येऊ नको." तपासणीच्या ठिकाणी कधीच चहा घेत नसत. खिशात उकडलेले शिंगाडे असत, तेच खायचे, आणि सालं पुन्हा खिशातच. शेडमध्ये शिरल्यावर आधी नाक वर करून उभे राहत. फिनाइलचा वास आला की म्हणत, "चला, आपली खबर आपल्या आधी पोचली." तो वास नेहमीच येई. जनावर पितं ते पाणी ओंजळीत घेऊन तोंडाला लावून पाहायचे. मी "तुम्हाला काही झालं तर?" म्हटलं तर म्हणत, "मंग तर लिहायले अजून सोपं."

आणि पिंजऱ्यात बसायचे. 'जनावराला सहज वळता येईल इतकी जागा' असं नियमात आहे. सर मोजपट्टी काढत नसत. दार उघडून स्वतः आत जात, मला बाहेरून कडी लावायला सांगत आणि वळून पाहत. एकदा कडी अडकली. शेडवरचा माणूस जेवायला गेलेला, मालक फोनवर, आणि आमचे साहेब गुडघे छातीशी घेऊन आत, शेजारी एक म्हातारी लॅब्रेडॉर कुत्री. मी दगडाने कडी ठोकत होते आणि हसू आवरत नव्हतं. आतून सर तिला शिंगाडा सोलून देत होते. "खा बाई. उशीर आहे दिसते." सुटले तेव्हा त्यांच्या मांड्यांवर जाळीचे चौकोन उमटले होते. अहवालात त्यांनी लिहिलं, 'वळता येत नाही. स्वतः खात्री केली.'

ती म्हातारी म्हणजे मोठ्याबाई. नाव सरांनीच ठेवलं. शहापूरच्या पुढे हायवेला लागून एक शेड आहे, पूर्वी तिथे कोंबड्या होत्या. धंदा बसला तसा मालकाने कोंबड्यांच्या जाळीचेच पिंजरे केले आणि कुत्री आणली. मालक वाईट बोलणारा नव्हता, उलट फार गोड. "या साहेब, या मॅडम. माल चांगला ठेवतो आपन. नागपूरले मागनी लय आहे." माल म्हणजे पिल्लं. ती पुढच्या खोलीत, टाइल्सवर, पंख्याखाली. आया मागे, कोंबड्यांच्या शेडमध्ये, तारेच्या जमिनीवर, म्हणजे घाण आपोआप खाली पडावी. मोठ्याबाईंचे पंजे त्या तारेवर राहून फाकले होते, बोटं एकमेकांपासून लांब गेली होती. त्या मातीवर कधी चाललेल्याच नव्हत्या. पोटाखाली स्तन लोंबत होते. कोणीही विचारलं तर मालक सांगे, "पाच वर्षांची आहे." दातांकडे पाहिलं की कळत होतं त्याला मोजताच येत नाही, किंवा फार चांगलं येतं.

दर वेळी आम्ही जायचो, दर वेळी लिहायचो. 'मादीचे वय नियमापेक्षा जास्त दिसते. प्रजननासाठी वापरू नये.' आणि दर वेळी वरून तेच उत्तर खाली येई, 'मालकास सूचना देण्यात याव्यात.' मग आम्ही सूचना द्यायचो. सूचना देणे हे आमच्या खात्यातलं सगळ्यात मोठं औषध आहे, सगळ्या रोगांवर चालतं. आणि पुढच्या खेपेला मोठ्याबाईंच्या पोटाला पुन्हा पिल्लं चिकटलेली असत. सर समोर बसून मागचा अहवाल आधी वाचत, मग नवा. "बाई, मागच्या टायमाले मी लिहिलं होतं की आता बंद करा. तुमाले सांगितलं होतं. त्यायनं केलं नाही. आता पुन्हा लिहून राहिलो." असं म्हणताना ते तिच्याकडे पाहत नसत.

एकदा मी भांडलेच. उन्हाने डोकं तापलं होतं आणि मालक मागे उभा राहून गालात हसत होता. "सर, तिला काय कळतं त्यातलं?"

"तुले कळते का?"

"हो."

"मंग तू काय केलं?"

खरं तर त्यांनीही काय केलं होतं, पण ते विचारायचं धाडस झालं नाही, आणि परतीच्या जीपमध्ये तेच स्वतःहून बोलले. त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. गाव उठायच्या आधी घरांचे, झाडांचे, विहिरींचे पंचनामे झाले तेव्हा सर दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला होते. पंचनाम्यावर त्यांच्या वडिलांनी सही केली. वाचून कोणी दाखवलं नाही, वडिलांनी विचारलंही नाही. साहेब लोक उन्हातून आलेले, त्यांना कायले खोळंबवायचं. नंतर सरांनी तो कागद पाहिला तर त्यात त्यांची विहीर बुजलेली लिहिली होती, म्हणजे तिचा मोबदला नाही. "त्याच विहिरीचं पानी पिऊन मी डॉक्टर झालो," सर म्हणाले. "बुजलेली म्हने. आनि खाली माह्या बापाची सही, मान्य आहे." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मान्सं नव्या गावात गेली. कुत्रे नाही गेले. नेऊन सोडलं की पुन्हा जुन्या घराच्या दारात येऊन बसत. पानी उंबऱ्याले लागलं तरी."

शहापूरच्या मालकाला मात्र सरांचं वाचन आवडायला लागलं. त्याने फोनवर व्हिडिओ काढला, पोथीवाले डॉक्टर पिंजऱ्यासमोर बसून वाचत आहेत, आणि स्टेटसला लावला. खाली लिहिलं, 'आमच्याकडे सरकारी डॉक्टर स्वतः कुत्र्यांशी बोलतात.' नागपूरहून गिऱ्हाईक यायचं ते विचारायचं, हेच का ते शेड. मला इतका संताप आला की मी सरांना म्हटलं, आता तरी बंद करा. ते म्हणाले, "थो विकते. मी वाचतो. त्याच्यासाठी मी कायले सोडू?" पण त्या दिवसापासून ते हळू आवाजात वाचू लागले.

शेवटी एकदाचा आदेश आला. सरांनी वर इतकं लिहिलं, इतकं लिहिलं की कंटाळून का होईना कोणीतरी सही केली. नोंदणी स्थगित, म्हाताऱ्या माद्या जप्त. आम्ही पोलीस घेऊन गेलो. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. मोठ्याबाईंसमोर बसून त्यांनी आदेश पहिल्या ओळीपासून वाचला, जुन्या मोठ्या आवाजात. "म्हंजे बाई, आता तुमाले पिल्लं नाही होनार. आता तुमी इथून सुटल्या. मी सांगून राहिलो तुमाले." त्यांचा हात जाळीवर होता आणि ती तो चाटत होती.

मग प्रश्न आला, न्यायचं कुठे. गुरं जप्त झाली तर गोशाळा असते, कोंडवाडा असतो. कुत्र्यांसाठी जिल्ह्यात काहीच नाही. ऑफिसात ठेवता येईना, पोलीस ठेवेनात. अशा वेळी कायद्यात सोय आहे: जप्त जनावर ज्याच्याकडे ठेवायला जागा आहे त्याच्या ताब्यात सांभाळायला द्यायचं, त्याच्याकडून लिहून घ्यायचं. त्याला सुपूर्दनामा म्हणतात. आणि जिल्ह्यात कुत्री ठेवायला जागा असलेला माणूस एकच होता. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्या आम्ही रीतसर पावती घेऊन दिल्या. सुपूर्दनामा सरांनाच लिहावा लागला. तो मात्र त्यांनी मोठ्याबाईंना वाचून दाखवला नाही. इस्त्रीचा शर्ट पाठीवर भिजला होता. मालकाने पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी घेतली आणि प्यायले.

पूर्ततेच्या तपासणीला, म्हणजे दाखवलेल्या चुका दुरुस्त झाल्या का ते पाहायला, आम्ही गेलो तेव्हा शेड चकाचक. तारेवर फळ्या टाकलेल्या, पाण्याची भांडी नवी, कुत्री कमी, दोन-दोन पिंजऱ्यांमधली जाळी काढलेली, त्यामुळे प्रत्येकीला वळायला जागा. माद्या तरण्या, सगळ्या नियमात. जुन्या एकही नाही. मालक हात जोडून म्हणाला, "मेल्या साहेब. रोग आला. कागद आहेत." कागद होते. कोणा खासगी डॉक्टरचे, शिक्क्यासकट, एकीचाही सुटला नव्हता.

मी फॉर्म भरायला लागले. पाणी, समाधानकारक. जागा, समाधानकारक. वय, समाधानकारक. एकही शब्द खोटा नव्हता. जी कुत्री तिथे नाहीत त्यांच्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नसतो. मला वाटलं सर आता काहीतरी करतील, ओरडतील, कागद फाडतील. त्यांनी सही केली. मोठ्याबाईंच्या पिंजऱ्यात आता एक तरणी, चकचकीत कुत्री होती. सर तिच्यासमोर बसले, तोंड उघडलं, आणि उठले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी शेडसमोरच्या पानठेलेवाल्याचा फोन आला. "पोथीवाले डॉक्टर, तुमची म्हातारी गेटापाशी बसून आहे." आम्ही गेलो. ती होती. कुठे नेऊन सोडली होती कोण जाणे, पण पायांची कातडी सोलून निघाली होती. जी मातीवर कधी चालली नव्हती ती एवढी वाट चालत, विचारत कोणाला असेल, त्याच गेटापाशी आली होती. मालक बाहेर आला. "हे आमची नाही साहेब. आमच्या तं मेल्या." आणि ती त्याला पाहून शेपूट हलवत होती. सगळं अंग हलत होतं तिचं आनंदाने. तो "हड" म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला. मला त्या माणसाचा राग यायला हवा होता, पण त्या क्षणी राग आला तो त्या शेपटीचा.

तेवढ्यात गिऱ्हाइकाच्या गाडीसाठी गेट उघडलं. मोठ्याबाई आत शिरल्या, सरळ मागच्या शेडमध्ये, आपल्या पिंजऱ्यापाशी. आत दुसरी होती. तर त्या बाहेरच, जाळीला अंग लावून निजल्या. सरांनी खांद्यावरचा दुपट्टा पसरला, तिला त्यात घेतलं आणि उचललं. वाचलं काहीच नाही.

आम्ही वर कळवलं की मेलेली कुत्री जिवंत सापडली. उत्तर आलं, ही तीच कशावरून. लॅब्रेडॉर सगळे सारखेच दिसतात. सरांनी पंजांचे फोटो पाठवले. पुन्हा उत्तर आलं नाही. मग सर सेवानिवृत्त झाले, हार-तुरे झाले, भाषणात कोणीतरी त्यांच्या वाचनाची नक्कल केली आणि सगळे पोट धरून हसले. सरही हसले.

मी त्यांच्या घरी गेले ती त्यानंतर. पुनर्वसनाचं गाव, पट्टीने आखल्यासारखे सरळ रस्ते, प्लॉटवर घरं. सरांचं अंगण मोठं, मधोमध कडुनिंब, सावली. काकूंनी दारातच हळूच सांगितलं, "जेवत नाही बरोबर. थे बी, अन् हे बी." कुत्री दिसेना. काकूंनी बोट दाखवलं. मोरीच्या बाजूला पाण्याच्या टाकीत आणि भिंतीत एक फट होती, पिंजऱ्याएवढीच रुंद. मोठ्याबाई तिच्यात उभ्या होत्या. बसता येत नव्हतं नीट, वळताही येत नव्हतं. आल्यापासून तिथेच. अंगणात आणून सोडलं की थरथरत उभ्या राहत आणि पुन्हा त्या फटीत जात. टाकी हलवून पाहिली तर दिवसभर भिंतीला डोकं लावून राहिल्या, म्हणून टाकी परत होती तिथे ठेवली.

सर खाटेवर बसले होते. दाढी वाढलेली. मला म्हणाले, "आली का पोरी. फॉर्म आहे?"

बॅगेत होता.

"तपासनी कर. या जागेची. मी मालक आहे, तू अधिकारी. जशी करतो आपन तशी."

मी नको म्हणणार होते, पण काकूंनी मान हलवली, करून टाक म्हणून. मी केली. पाणी ओंजळीत घेऊन तोंडाला लावलं, त्यांच्यासमोर तेवढं तरी करणं भाग होतं. गोड पाणी होतं. गंज घासलेला. जागा भरपूर, सावली आहे, जमीन मातीची, अन्न ताजं, जखमा बऱ्या होत आलेल्या, प्रजननासाठी वापर नाही. एकेका रकान्यात लिहीत गेले, समाधानकारक, समाधानकारक.

"आता वाच."

मी टाकीपाशी उकिडवी बसले. मला लाज वाटेल असं वाटलं होतं, ती वाटली नाही. फटीत तिचे डोळे दिसत होते. मी सगळं वाचलं, पहिल्यांदा सरकारी भाषेत, आणि मग, सर करायचे तसं, साध्या बोलीत. बाई, तुमचं अंगण मोठं आहे. बाई, इथे कोणी काही करत नाही. तिने ऐकलं असेल. हलली नाही.

सर खाटेवरून म्हणाले, "सगळं समाधानकारक आहे ना?"

"हो सर."

"मंग बाहेर काहून येत नाही थे?"

मी उठून कागद त्यांच्यापुढे धरला, पेन दिलं आणि सवयीने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. वाचून दाखवले, मान्य आहे. सरांनी चष्मा लावला. ती ओळ त्यांनी आयुष्यभरात किती लोकांपुढे धरली असेल, तरी पहिल्यांदा पाहावी तशी पाहिली. त्यांच्या वडिलांच्या हातून जशी पटकन झाली असेल तशी सही होईल असं मला वाटलं.

त्यांनी पेन मला परत दिलं.

"लिही," सर म्हणाले. "मालकानं सही करायले नकार दिला. मान्य नाही म्हने."

मी लिहिलं. आणि मग पुन्हा टाकीपाशी जाऊन बसले, कारण एवढी एक ओळ तिला वाचून दाखवायची राहिली होती.